नेहमीचंच आहे, एफ वन दाब

मागच्या खोलीतला कॉम्प्युटर गुरुवारी दुपारी गेला, आणि तो कोणामुळे गेला याबद्दल घरात दुमत नव्हतं.

"मी फक्त ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकत होते," धाकटी म्हणाली.

"चालतं हृदय काढून धुवायला घेतलं होतंस," दादा म्हणाला. "डॉक्टरसुद्धा आधी पेशंटला विचारतात."

पेशंटला नाही, पण आईला तिने विचारलं होतं. आई म्हणाली होती, "हळू आहे, पण चालतंय ना? मीही हळूच चालते. उद्या मलाही नवीन टाकशील." धाकटीने हे संमती म्हणून धरलं होतं.

पदार्थविज्ञानात पदवी घेऊन ती नुकतीच घरी आली होती. तेव्हापासून घरात जे काही बंद पडे ते तिच्या पुढ्यात येई, आणि त्यातलं जे चालू होई त्याचं श्रेय बाबांना जाई. तिने प्रयोगशाळेत प्रकाशाची तरंगलांबी मोजली होती. त्यावरून तिला मिक्सर दुरुस्त करता येत असणार, असा सगळ्यांचा समज होता. खरं सांगायचं तर तिचाही थोडा होता.

कॉम्प्युटर इतका जुना होता की त्याच्या मूळ पांढऱ्या रंगाबद्दल फक्त ऐकीव माहिती उरली होती. पण मागच्या खोलीचा सगळा संसार त्याच्यावर चालायचा. आई शाळांसाठी खिशावरचे बिल्ले भरून द्यायची. भरतकामाचं मशीन तिच्या उमेदीतलं. ते एका जाड केबलने या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं, आणि त्या केबलचं कंगव्यासारखं तोंड आजच्या कुठल्याही लॅपटॉपमध्ये शिरत नव्हतं. बिल्ल्याचं चित्र मशीनला समजावून सांगणारा प्रोग्रॅमही त्या जुन्या सिस्टिमवरच चालायचा. चित्रं धाकटीने पेनड्राइव्हवर काढून ठेवली होती, तेवढं शहाणपण तिने केलं होतं. पण वाचायला यंत्र नसताना ती चित्रं म्हणजे परदेशातल्या नातेवाइकांसारखी, सुखरूप आणि निरुपयोगी.

सोमवारी सकाळी शाळेला बिल्ले द्यायचे होते. शाळेत नवीन मुख्याध्यापिका आल्या होत्या आणि त्यांच्या ओळखीत कोणीतरी हेच काम करणारं होतं. सोमवार चुकला की शाळा जाणार. शाळा गेली की मशीनला काम नाही. आणि काम नसलेल्या मशीनची खोली दादाला हवी होती.

दादाने व्यायाम करायचं ठरवलं होतं. त्यासाठी त्याने बूट घेतले होते, घाम टिपणारा पट्टा घेतला होता आणि काचेचा एक पातळ, चकचकीत वजनकाटा घेतला होता. राहिली होती ती फक्त खोली. खोली मिळाली की व्यायाम सुरू, तोवर रोज सकाळी काट्यावर उभं राहून आकडा बघणं, आणि तो काटाच चुकीचा आहे असं जाहीर करणं.

कॉम्प्युटरचं दुखणं असं होतं. सीडी फिरायची, निळ्या पडद्यावर फाइली उतरायच्या, यंत्र एकदा बंद होऊन आपणच सुरू व्हायचं, पुढचा टप्पा अर्ध्यावर यायचा आणि दर वेळी त्याच जागी अडायचा. मग एक चौकट यायची. धाकटीने ती बाबांना मराठीत सांगितली, "या सेटअपवरची सही ग्राह्य नाही, असं म्हणतंय."

बाबांनी चष्मा वर केला. "कुणाची सही?"

"तशी सही नाही हो बाबा. फाइल खरी आहे, मध्ये कोणी फेरफार केलेला नाही, हे ओळखायला बनवणारे एक खूण लावतात."

"म्हणजे सहीच ना! आणि अग्राह्य म्हणतंय म्हणजे नमुन्याशी जुळत नसणार. आमच्याकडे एकदा साहेबांचा हात मोडला होता. डाव्या हाताने सही करायचे, तर पगार अडकले सगळ्यांचे." बाबांना यावर अजून बरंच सांगायचं होतं. पण खोलीतून बाहेर पडताना त्यांची नजर भिंतीवरच्या प्लगकडे गेली आणि ते थबकले. "तू थांबणार आहेस ना इथे?"

"हो."

"मग ठीक."

बाबा वीज खात्यातून मीटर-निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. लोकांच्या घरात वीज कुठून गळते हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि आता फक्त स्वतःचं घर उरलं होतं. वापरात नसलेलं यंत्र प्लगला ठेवणं म्हणजे नळ उघडा टाकून गावाला जाणं, हे त्यांचं तत्त्व. खोली रिकामी दिसली की ते आत शिरत, प्लग उपटत आणि वायरीची नीट गुंडाळी करून ठेवत. हे करताना ते काहीतरी गुणगुणत, त्यामुळे कुठल्या खोलीत अंधार पडणार ते आधी कळे. फ्रीज तेवढा यातून वाचला होता, तोही आईच्या धाकाने.

शुक्रवारी धाकटीने पद्धतशीर सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. तिने मैत्रिणीकडून दुसरी सीडी आणली. तीच चौकट. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या. तीच चौकट. सीडी वाचणारा डबा शेजाऱ्यांच्या अडगळीतून आणून जोडला. चौकट जागची हलली नाही. प्रत्येक वेळी यंत्र सुरू करताना अगदी पहिल्या काळ्या पडद्यावर दोन ओळी येत आणि यंत्र वाट बघत उभं राही. आईने तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "ते नेहमीचंच आहे, एफ वन दाब." धाकटी एफ वन दाबत होती. तो आईचा रोज सकाळचा पहिला बटणस्पर्श होता. चहाचं आधण ठेवून ती येई, एफ वन दाबी आणि चहा गाळायला जाई.

दुपारी दादा मोजपट्टी घेऊन आला.

"काय मोजतोयस?" धाकटीने विचारलं.

"काही नाही, सहज. आई, ही खिडकी बंद होते ना नीट?"

आई कोपऱ्यात रिळं रंगाप्रमाणे लावत बसली होती. "खिडकी होते बंद. मी नाही होत."

"अगं, तसं नाही. मी म्हणतोय, तुलाही आता आराम..."

"ट्रेडमिल या भिंतीला लावणार की त्या?"

दादाने मोजपट्टी सोडली. ती सटकन आत गेली आणि त्याच्या बोटाला लागली. "या," तो बोट चोखत म्हणाला.

शनिवारी भाओजी आले. म्हणजे ताईचे यजमान. भाओजी आयटीत होते. आयटीत नेमकं काय करत हे ताईलाही सांगता येत नसे, पण ते फोनवर सतत म्हणत, "हे आपण ऑफलाइन बोलू." त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. शिवाय जावई. त्यांच्यासाठी पाठीची खुर्ची आली, टेबल फॅन त्यांच्याकडे वळला आणि बाबांनी तो कोणी न सांगता प्लगला लावला.

"हं. इश्यू काय आहे?" भाओजींनी विचारलं.

धाकटीने सगळं सांगितलं: सीडी, मेमरी, डबा, सही.

भाओजींनी डोळे मिटून ऐकलं. "फॉरमॅट मारलास?"

"मारला."

"परत मार."

"भाओजी, परत मारून काय बदलेल?"

"हे बघ, आमच्याकडे एक प्रोसेस असते. आधी परत करून बघायचं. मग दुसऱ्या माणसाने परत करून बघायचं. मग मीटिंग."

"आणि मीटिंगमध्ये?" आईने विचारलं.

"त्यात ठरतं की परत करायचं."

हे ऐकून आई चहात साखर घालायची विसरली. भाओजींनी तो चहा तक्रार न करता प्यायला आणि कीबोर्ड पुढे ओढला. यंत्राच्या आतल्या सेटिंगांच्या निळ्या पानावर शिरून त्यांनी भराभर चार-पाच गोष्टी बदलल्या.

"काय काय बदललंत?" धाकटीने घाबरून विचारलं.

"ऑप्टिमाइझ केलं."

"म्हणजे नेमकं काय?"

"सगळं."

यानंतर कॉम्प्युटर सीडीकडे ढुंकूनही बघेना. आधी तो निदान अर्ध्यापर्यंत जाऊन अडत होता. आता सुरूच होईना. भाओजी मागे रेलले. "हार्डवेअर गेलंय. मी स्पष्टच सांगतो आई, हे एंड ऑफ लाइफ आहे." एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे खाली केले, आणि दादा दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला. कोणी गेल्यावर लोक उभे राहतात तसे सगळे क्षणभर उभे राहिले. मग जेवायला गेले.

जेवण झाल्यावर भाओजी पलंगावर आडवे झाले. धाकटी मागच्या खोलीत आली. प्लग काढलेला, वायरीची गुंडाळी झालेली. तिने कपाळाला हात लावला, प्लग लावला, एफ वन दाबलं आणि भाओजींची सेटिंगं पूर्ववत करायला निळ्या पानावर शिरली.

ती आधीच पूर्ववत झाली होती.

तिने पुन्हा बघितलं. सकाळी भाओजींनी, सुरू होताना यंत्राने आधी कुठे बघायचं त्या यादीत, सीडीला सगळ्यात खाली ढकललं होतं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आता सीडी पुन्हा वर होती. घरात कोणी हात लावला नव्हता. एकालाही ते पान सापडलं नसतं. भाओजींनी घातलेला घोळ यंत्राने आपणच विसरून टाकला होता.

तिच्या मानेवर काटा आला. प्रयोगशाळेत आलेख अचानक सरळ रेषेत यायला लागला की यायचा तसा. विसरून टाकला. म्हणजे हे यंत्र विसरतं. मग आणखी काय विसरतं?

तिने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काळा पडदा आला, दोन ओळी आल्या. आई मागून रिळांची पेटी घेऊन जात होती. तिने सवयीने हात पुढे केला. "दाब ना, नेहमीचंच आहे."

"थांब!" धाकटी एवढ्या जोरात ओरडली की आईच्या हातातलं एक रीळ घरंगळत टेबलाखाली गेलं. "मला वाचू दे."

तीन दिवस तिने प्रत्येक संदेश अक्षर न् अक्षर वाचला होता. हा एकच वाचला नव्हता, कारण तो नेहमी येत होता. त्यात लिहिलं होतं: तारीख आणि वेळ ठरवलेली नाही, पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा.

"आई, हे कधीपासून येतंय?"

"बरीच वर्षं झाली. मला वाटलं, गुड मॉर्निंग म्हणतंय."

धाकटीने निळ्या पानावरची तारीख बघितली. कॉम्प्युटरच्या मते ती अजून दुसरीत होती. आईचे केस काळे होते, बाबा नोकरीत होते, आणि सीडीवरच्या फाइलींवर सही करणाऱ्याने ती अजून केलीच नव्हती. पुढच्या तारखेची सही कुठलं शहाणं यंत्र मान्य करेल? त्याचं काही चुकलंच नव्हतं. बाबांच्या खात्यातसुद्धा हेच झालं असतं.

ती धावत बाबांकडे गेली आणि हे सगळं सांगितलं. आत नाण्याएवढा एक सेल असतो. यंत्र बंद असतानाही तो घड्याळ चालू ठेवतो. यंत्र प्लगला असलं तर त्या सेलवर भार पडत नाही. आपल्याकडे प्लग रोज, दर जेवणाला, दर चहाला उपटला जातो. सेल बिचारा वर्षानुवर्षं एकटा राबून कधीचाच मेला.

बाबांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे असं नाही..."

"नाही, स्पष्ट बोल. विजेची बचत केली हा गुन्हा?"

"बाबा, त्या प्लगने किती वीज वाचली असेल?"

"प्रश्न किती वाचली याचा नाही," बाबा म्हणाले. "शिस्तीचा आहे."

सेल नंतर आणू, सध्या नुसती तारीख लावून भागेल, असं ठरवून रविवारी सकाळी तिने तारीख बरोबर लावली आणि सेटअप सुरू केला. फाइली उतरल्या. यंत्र बंद होऊन सुरू झालं. अर्धा टप्पा आला, रोजची जागा आली, आणि ती जागा मागे पडली. धाकटी खुर्चीतून उठली. तिला ओरडायचं होतं, पण एकट्याने ओरडण्यात मजा नव्हती, म्हणून ती स्वयंपाकघरात पळाली. "आई! पुढे गेलं!"

आईने पिठाचे हात पुसले. दोघी लगबगीने निघाल्या, आणि मधल्या खोलीत त्यांना गुणगुणणं ऐकू आलं.

दोघी जागच्या जागी थांबल्या.

बाबा मागच्या खोलीतून वायरीची गुंडाळी हातात घेऊन बाहेर आले. दोघींचे चेहरे बघून त्यांनी गुंडाळीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच ती वस्तू आपल्या हातात कशी आली याचं त्यांना नवल वाटलं.

"खोलीत कोणी नव्हतं," ते म्हणाले.

"कॉम्प्युटर होता बाबा! चालू होता!"

"हात आपोआप गेला गं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. धाकटीने त्यांच्या हातातून गुंडाळी घेतली. सगळं पहिल्यापासून. तारीखही पुन्हा ती दुसरीत असतानाची झालेली. सोमवार उद्यावर, दुकानं रविवारची बंद, आणि बिल्ल्यांचा एक टाका भरलेला नाही. दाराशी दादा आला होता. मोजपट्टी त्याने आणली नव्हती, पण डोळ्यांनी तो मोजतच होता.

"जाऊ दे गं शास्त्रज्ञ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आई, तुझं मशीन आपण गॅलरीत ठेवू. वर छान कापड घालू."

मशीनवर छान कापड घालण्याची कल्पना आईला कितपत आवडली हे तिने सांगितलं नाही. ती धाकटीला म्हणाली, "तो सेल दाखव."

धाकटीने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि नखाने उचकून चपटा, गोल सेल बाहेर काढला. आईने तो उजेडात धरला आणि त्याच्या पाठीवरचा आकडा पुटपुटत वाचला. मग ती उठून न्हाणीघराकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात दादाचा काचेचा वजनकाटा होता, पालथा, पोटाचं झाकण उघडं.

"आई, ते माझं..." दादा पुढे झाला.

"आकडा तोच आहे," आई म्हणाली, आणि काट्यातला सेल धाकटीच्या तळहातावर ठेवला.

"पण मग माझं वजन?"

"ते कुठे जातंय?"

सेल खटकन बसला. धाकटीने पुन्हा तारीख लावली. उरला प्रश्न प्लगचा. सेल नवा असला तरी मध्येच वीज गेली तर सेटअप गेलाच. धाकटी म्हणाली की ती पाणी प्यायलासुद्धा उठणार नाही. पण आईने बाबांकडे पाहिलं, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि ते बरोबर प्लगसमोर ठेवलं.

"इथे बसा," ती बाबांना म्हणाली.

"मी?" बाबांनी स्वतःच्या हातांकडे संशयाने पाहिलं.

"तुम्हीच. काम होईपर्यंत हा प्लग कोणी काढता कामा नये. जबाबदारी तुमची."

जबाबदारी हा शब्द बाबांच्या कानावर कितीतरी वर्षांनी पडला होता. ते उठून आत गेले, पायजमा बदलून पँट घालून आले आणि स्टुलावर ताठ बसले. त्यानंतर त्या खोलीत माशीला शिरायची सोय उरली नाही. दादा दारात येऊन म्हणाला, "बाबा, जरा एक मिनिट, काट्याचं..." तर बाबा जागचे न हलता म्हणाले, "काम चालू आहे. नंतर या." पोटच्या पोराला 'या' म्हणालेले पाहून दादा इतका गांगरला की तो खरंच निघून गेला. भाओजींनी फोन करून विचारलं, परत फॉरमॅट मारला का. बाबांनीच तो घेतला आणि सांगितलं की सध्या या विषयावर बोलता येणार नाही, हे आपण ऑफलाइन बोलू.

रोजची जागा आली. रोजची जागा गेली. सहीबद्दल यंत्राने चकार शब्द काढला नाही. दुपार कलण्याआधी जुन्या सिस्टिमच्या चित्रातली हिरवी टेकडी पडद्यावर आली, मग त्याच्या जुन्या सीडीवरून आईचा प्रोग्रॅम आला, आणि धाकटीने कंगव्याच्या तोंडाची केबल जोडली तेव्हा भरतकामाचं मशीन झोपेतून उठल्यासारखं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हललं.

"बघ, ओळखलं त्याने," आई म्हणाली, आणि रिळं चढवायला लागली. उघडं पुस्तक, त्यावर पणती, खाली शाळेचं नाव. पहिला बिल्ला निघाला तेव्हा तिने तो उलटा करून मागचे टाके तपासले, मग सुलटा करून बाबांकडे दिला. बाबांनी तो एका हाताने घेतला. दुसरा त्यांनी प्लगवरून काढला नव्हता.

अंधार पडायच्या आत शेवटचा बिल्ला फ्रेममधून सुटला आणि सोमवारी सकाळी पेटी शाळेत पोचली. मुख्याध्यापिकांनी बिल्ले हाताळून बघितले आणि त्यांच्या ओळखीतल्या माणसाचं नाव काढलं नाही. आई परत आली ती पुढच्या कामाचे कापडाचे तुकडे पिशवीत घेऊनच. मागच्या खोलीत प्लग काढलेला होता, वायरीची गुंडाळी झालेली होती. धाकटीने श्वास रोखून प्लग लावला. काळा पडदा आलाच नाही. आईचं बोट सवयीने एफ वनपर्यंत गेलं, आणि काय करावं ते न कळून तिथेच थांबलं.

"काही विचारत नाही गं आज," ती जराशी हिरमुसून म्हणाली.

तेवढ्यात न्हाणीघरातून दादाची हाक आली. तो काट्यावर उभा होता. दुकानं उघडली होती तरी नवा सेल आणायला म्हणून बाहेर पडणं त्याला जमलं नव्हतं.

"आई, हे काहीच दाखवत नाहीये!"

"बघ," आईने मशीनमध्ये दोरा ओवत उत्तर दिलं, "एका दिवसात किती उतरलास."